आधी उजवीकडे

कार्व्हर्स बे, टास्मानिया
१४ जानेवारी

प्रिय लॅकी,

आधी तुझी तब्येत विचारतो, मग रांगेने घरातल्या सगळ्यांची. पाठ कशी आहे? चेरीच्या पेट्या उचलून डाव्या बाजूला लचक भरली होती ती गेली, की अजून उठताना कळ येते? तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? मॉरीनबाई ऑपरेशन आज करू उद्या करू म्हणत होत्या. झालं असेल तर त्यांना म्हणावं, जिन्याची घाई करू नका. क्लाइव्ह आजोबा अजून उजाडायच्या आत बंडाबर्गच्या उसाच्या शेताला चक्कर मारतात का? नव्वदीला टेकलेल्या माणसाचे पाय आमच्यापेक्षा बरे आहेत, दृष्ट नको लागायला. टेगनचं बाळ आता चालायला लागलं असेल. आणि बिस्किटचे कान? कुत्र्याच्या कानाला उन्हाळ्यात कोमट तेलाचे दोन थेंब घालावेत. डॉक्टर नको म्हणतात, पण मी घालत आलोय.

इथलं म्हणशील तर लॉरेलच्या बोटांचे सांधे फार धरतात. बरणीचं झाकण उघडायला मला हाक मारते. पूर्वी मारत नव्हती, दातांनी उघडेन पण तुला सांगणार नाही अशातली होती. कोंबड्या आठ होत्या, पाच राहिल्या. मी जेवतो, झोपतो, रक्तदाबाची गोळी घेतो. माझी तब्येत विचारलीस तर सांगण्यासारखं एवढंच आहे.

दहा महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. चार वेळा बसलो आणि चारही वेळा कागद चुलीत घातला. तुला माहीत आहे, चौदाव्या वर्षी शाळा सोडून मी सफरचंदांच्या बागेत लागलो. पुढे जे काही वाचायला शिकलो ते लायब्ररीने मोडीत काढलेल्या पुस्तकांवर. लिहायचा हात मला कधी बसला नाही. पण आता लिहायलाच हवं. शाळा पाच फेब्रुवारीला उघडते. मुख्याध्यापिका रॉस्लिनबाई दोनदा घरी येऊन गेल्या. पोरांना रस्ता ओलांडून द्यायला शाळेसमोर 'थांबा'ची पाटी घेऊन मी उभा राहणार की नाही, हे त्यांना महिनाअखेर सांगायचंय. एकोणीस वर्षं जी जागा माझी होती ती त्यांनी अजून कुणाला दिलेली नाही. आणि मला ते तुझ्याशिवाय ठरवता येत नाही. तुझा त्याच्याशी काय संबंध असं म्हणशील. सांगतो, पण मला माझ्या चालीने येऊ दे.

यंदा चेरी बघायला हवी होतीस. अख्ख्या डिसेंबरात एक थेंब पडला नाही. फळ असं टणक आणि काळंभोर की चावलं तर दाताला कळतं. एक चेरी फुटली नाही, लॅकी. शेडमध्ये दोन पाळ्या चालल्यात, परदेशी पोरं तंबू ठोकून राहिलीत, दुकानात पाव उरत नाही. सगळे म्हणतात, असं वर्ष दहा वर्षांत आलं नाही. मी मान डोलावतो आणि घरी येतो.

कारण मागच्या जानेवारीत तो चार दिवसांचा पाऊस. पिकलेल्या फळावर पाणी पडलं की साल तडकते, हे तुला मी काय सांगू, तूच त्या झाडांखाली उभा होतास. बागेवरून हेलिकॉप्टर फिरवून झाडं वाळवायचा तमाशासुद्धा झाला, पण सोमवारी मालकाने शेडला कुलूप घातलं. मंगळवारी सकाळी तू आणि आमची ब्रॉनी ओले बूट व्हरांड्यात काढून स्वयंपाकघरात आलात. मी टोस्टला लोणी लावत होतो. ब्रॉनी म्हणाली, "बाबा, आम्ही जातोय." मला वाटलं, होबार्टला. "होबार्टला काय करणार पावसाचं?" तर म्हणते, "होबार्ट नाही, लिस्बन." लॉरेलने विचारलं, "ते कुठे आलं?" आणि तू म्हणालास, "आम्हालाही नीट माहीत नाही, पण तिकीट तिथलं मिळालं. पुढचं तिथे गेल्यावर बघू." शनिवारी तुम्ही विमानात होतात. सॅक भरायला दोन दिवस, त्यातही तिने तिकडचा हिवाळा विसरून अर्धी चड्डी भरली आणि लॉरेलने ती काढून लोकरीचे मोजे कोंबले.

मी अडवलं नाही. आडकाठी करायचं डोक्यातच आलं नाही. आमच्या गावातलं प्रत्येक पोरगं एकदा पाठीला सॅक लावून युरोपात जाऊन येतं, गोवर येऊन जावा तसं. कसायाचा मुलगा गेला, पाद्रीबुवांच्या दोघी मुली गेल्या. कुणी वर्षाने परत आलं, कुणी नवरा घेऊन आलं. मला मेलबर्नपलीकडे काही माहीत नाही. वाटलं, माझ्या वाटचंही ती बघून येईल.

तू तिच्या आयुष्यात कसा आलास ते ती सगळ्यांना सांगायची. मला ते आठवलं की अजून हसू येतं. शाळा सुटायची वेळ, मी 'थांबा'ची गोल पाटी उभी धरलेली, चाळीस पोरं फुटपाथच्या कडेला बूट जुळवून उभी, आणि एक उंच माणूस हातात मांस भरलेली पाई घेऊन खातखात सरळ रस्त्यात. मी शिट्टी मारली. "ओ साहेब, मागे फिरा. पोरांनी काय शिकायचं तुमच्याकडून?" तू म्हणालास, "अहो, मी अठ्ठावीस वर्षांचा आहे." मी म्हटलं, "मग अठ्ठावीस वर्षं चुकीचा ओलांडताय." पोरं खिदळली. तू खरोखरच मागे गेलास, कडेला उभा राहिलास, पाई खाली ठेवली, आणि नाटकात असतं तसं मान लांबवून आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघून ओलांडलंस. माझ्यापाशी येऊन सलाम ठोकलास. पोस्टाच्या दारातून ब्रॉनी बघत होती. म्हणाली, "बाबांचं ऐकणारा मोठा माणूस मी पहिल्यांदा बघितला. हा कोण?" दुसऱ्या दिवशी तू पुन्हा तिथेच, त्याच वेळी, आणि हातात दोन पाई.

हे मी का लिहितोय? कारण तिला ते मी शिकवलं होतं. पाटी माझ्या हातात नंतर आली, पण ब्रॉनी तीन वर्षांची होती तेव्हापासून तिचा हात धरून मी त्या कडेला थांबत असे. आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे, मग पाऊल. आम्हाला ती उशिरा झाली, लॉरेल एकोणचाळीसची होती. उशिरा झालेल्या लेकराला माणूस जास्तच जपतो. मी तिला शाळेत जातायेता हे एवढं घोकवलं की ती झोपेतसुद्धा मान उजवीकडे वळवील असं लॉरेल म्हणायची. शेवटचं बघणं उजवीकडचं. उजवीकडे मोकळं दिसलं की पाय आपोआप पडतो. एकदा अंगवळणी पडलं की डोकं त्यात नसतंच, मान आणि पाय आपापसात ठरवतात. मला याचा केवढा अभिमान होता.

तुमची कार्डं मी चेरीच्या रिकाम्या पेटीत ठेवलीत, आली त्या क्रमाने. अर्धं तिचं अक्षर, अर्धं तुझं. लिस्बनचं पहिलं. चढावरून जाणारी ट्राम, खारवलेला मासा, आणि तिच्या चपलेचा पट्टा तुटला तो तू बुटाच्या नाडीने बांधलास. सेव्हिलचं कार्ड. रस्त्याच्या दोन्ही कडांना संत्र्यांनी लगडलेली झाडं आणि कुणी हात लावत नाही, म्हणून लॅकीने ऐटीत एक तोडून खाल्लं, आणि बाबा, त्याचं तोंड बघायला हवं होतंत, कडू जहर. खाली तुझी ओळ, "मर्व्ह, ती पण खा म्हणाली होती, हे तिने लिहिलेलं नाही." मार्सेयला एका खोलीत दहा जण झोपलात आणि एक म्हातारा रात्रभर घोरला, ब्रॉनी लिहिते, अगदी घरच्यासारखं वाटलं. जिनोआत कपडे खिडकीबाहेर वाळत घातले आणि तुझा एक मोजा चार मजले खाली धोब्याच्या हातगाडीत पडला. ही कार्डं मी दुकानात, पोस्टात, शाळेच्या कुंपणाशी वाचून दाखवायचो. लोक कंटाळले असतील. मी कंटाळलो नाही.

लिस्बनच्याच कार्डावर कडेने उभं लिहिलंय. तुला आठवत असेल, तू बाजूलाच असशील. "बाबा, इथे सगळं उलटं आहे. गाड्या भलत्याच बाजूने येतात. तुमची विद्या इथे चालत नाही. मी उजवीकडे बघते आणि डावीकडून भोंगा वाजतो. लॅकी माझी सॅक धरून मागे ओढतो." हे वाचून मी शाळेसमोर मोठ्याने हसलो होतो. मास्तरांना वाचून दाखवलं, शेजारच्या बाईंना वाचून दाखवलं. हे कशाबद्दल लिहिलंय ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

मार्चच्या अकरा तारखेचं मी तुला सांगायची गरज नाही. तुला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे आणि मला तेवढं कधीच माहीत होणार नाही. माझ्याकडे आहे तो वकिलातीतून आलेला एक कागद. स्लोव्हेनियातलं मारिबोर नावाचं गाव, सकाळी साडेनऊ, रस्ता ओला. ती बेकरीतून बाहेर आली. तू समोरच्या बाजूला बसथांब्यावर. बस येताना दिसली म्हणून तू तिला हाक मारलीस. ती फुटपाथच्या कडेवरून खाली उतरली आणि तिच्या डावीकडून येणाऱ्या व्हॅनला थांबता आलं नाही. गाडीवाल्याची चूक नव्हती, वेग बेताचा होता. एवढंच. इंग्रजी करून घेतलेली अकरा वाक्यं. मी ती इतक्यांदा वाचलीत की घडीवर कागद फाटला आणि लॉरेलने मागून पट्टी लावली.

तू तिला घेऊन आलास. तेवढ्या लांबून, तीन विमानं बदलून. तेव्हा तुला धड दोन शब्द कुणी म्हटले नाहीत, मीही नाही. दफनाच्या दिवशी चर्चमध्ये तू पुढे येऊन बोलायला उभा राहिलास, "मी हाक मारली" एवढं म्हणालास आणि थांबलास, आणि मी उठून तुझ्या खांद्यावर हात ठेवून तुला खाली बसवलं. लोकांना वाटलं, बापाचं मन किती मोठं. मोठं कसलं. मला पुढचं ऐकायचं नव्हतं.

आणि आता ते, ज्यासाठी ते चार कागद चुलीत गेले. त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर लॉरेल सिंकपाशी उभी राहून म्हणाली, "त्याने हाक मारली नसती तर ती थांबली असती. बघून आली असती." मी टेबलाशी होतो. मला तेव्हा सांगता आलं असतं, अगं, हाक तर आपणही मारतो, कोंबड्यांना घालताना, जेवायला, दिवसातून वीस वेळा. मला आणखीही एक गोष्ट सांगता आली असती, ती पुढे येईल. मी म्हटलं, "हं." एवढंच. आणि बाहेर व्हरांड्याची ती सैल फळी वाजली. तू तिथे होतास, हातात उरलेल्या सँडविचची थाळी होती. आत येऊन तू ती टेबलावर ठेवलीस, माझ्याकडे बघितलं नाहीस. सकाळी तुझी खोली झाडलेली, चादर घडी घालून उशीवर, आणि तिच्यावर चिठ्ठी, "सगळ्यासाठी आभार." लॉरेलने ती चिठ्ठी वाचली आणि तिथेच पलंगावर बसली. म्हणाली, "मर्व्ह, त्याने ऐकलं." मी म्हटलं, "माहीत आहे." त्यानंतर आम्ही तुझं नाव घेतलं नाही. घ्यायची लाज वाटत होती.

लॉरेलचा तुझ्यावर राग नाही. हे मी तिच्या वतीने लिहीत नाही, डोळ्यांनी बघितलेलं लिहितोय. ब्रॉनीची सॅक विमानतळावरून आली तेव्हा तिने सगळे कपडे धुतले, दोरीवर घातले, आणि तीन दिवस काढले नाहीत. पाऊस येऊन गेला तरी काढले नाहीत. त्यात तुझा एक निळा मोजा निघाला, एकटाच, जिनोआतल्याचा जोडीदार असावा. तो तिने तिच्या कपड्यांबरोबर इस्त्री करून ठेवलाय. मोज्याला इस्त्री कोण करतं? ख्रिसमसला तिने चार ताटं मांडली, मग उभी राहिली, दोन परत कपाटात ठेवली. मी मदतीला उठलो तर म्हणाली, "बस रे, दोन ताटं मला उचलता येतात."

पाटीचं सांगतो. मार्चपासून मी गेलो नाही, शाळेने तात्पुरती माणसं उभी केली. ऑक्टोबरात म्हटलं, बघू तरी. सकाळी अंगरखा चढवला, तो पिवळा, पाटी घेतली, जागेवर उभा राहिलो. पोरं जमली. मी गेलो म्हणून ती इतकी खूश, "लॉलीपॉप आजोबा आले, लॉलीपॉप आजोबा आले" म्हणून माझ्या गुडघ्यांशी गर्दी. दांड्यावरची गोल पाटी लॉलीपॉपसारखी दिसते, म्हणून ते नाव. मी त्यांना कडेला उभं केलं. आता नेहमीचं म्हणायचं होतं. दिवसातून दोनदा, एकोणीस वर्षं, न चुकता म्हटलेलं. मी नुसता पाटीचा दांडा या हातातून त्या हातात घेत राहिलो. गाड्या नव्हत्या, रस्ता स्वच्छ होता, पोरं वाट बघतायत. शेवटी पहिलीतली एक चिमुरडी, पुढचे दोन दात पडलेली, माझी बाही ओढून म्हणाली, "आजोबा, तुम्ही विसरलात का? मी सांगते. आधी उजवीकडे." आणि सगळ्यांनी तिच्या मागोमाग माना वळवल्या. एकदम, एका दोरीत ओवल्यासारख्या. पस्तीस-चाळीस छोट्या माना उजवीकडे.

मी पाटी जमिनीवर ठेवली आणि तिथेच कडेला बसलो. रॉस्लिनबाई धावत आल्या, त्यांना वाटलं छातीत कळ आली. त्यांना काय सांगू? मला त्या माना दिसत होत्या आणि दिसत होतं की आणखी पंधरा-वीस वर्षांनी एखाद्या मंगळवारी यातलं प्रत्येक पोरगं घरी येऊन आईबापाला सांगणार आहे, आम्ही जातोय. आणि मी घातलेलं वळण बरोबर घेऊन जाणार आहे.

लॉरेल म्हणते, "तू इथल्या रस्त्याचं शिकवलंस, ते इथे बरोबरच आहे. जगातल्या सगळ्या रस्त्यांचा मक्ता तू घेतला नव्हतास." रॉस्लिनबाई म्हणतात, "तुमच्या एकोणीस वर्षांत एका मुलाला खरचटलं नाही, मर्व्ह, हे विसरू नका." दोघींचंही खरं आहे. पण दोघींना एक गोष्ट माहीत नाही. ती मी कुणालाच सांगितलेली नाही, तुला पहिल्यांदा सांगतोय.

दोन मार्चला माझा वाढदिवस. तुम्ही तेव्हा त्रिएस्तेला होतात. संध्याकाळी तिचा फोन आला, तिकडे सकाळ होती. लॉरेल कोंबड्या कोंडायला मागे गेली होती. तू कॉफीच्या रांगेत उभा आहेस असं ब्रॉनी म्हणाली, तेव्हा तूही ऐकलेलं नसणार. इकडचं तिकडचं झालं, लवकर पोस्टात परत रुजू व्हायचंय म्हणाली. मग म्हणते, "बाबा, खरं सांगू का, मी अजून रोज चुकते. दीड महिना झाला, तरी मान आधी उजवीकडेच जाते. आता ठरवलंय, इथे आहोत तोवर मुद्दाम उलटं करायचं, आधी डावीकडे, आधी डावीकडे, असं मनात म्हणत चालते." पोर स्वतःहून स्वतःला शिकवत होती, लॅकी. आणि मी, मूर्ख म्हातारा, वाढदिवसाची बिअर चढलेला, काय म्हणालो? म्हणालो, "खबरदार. अख्खं जग उलटं चाललं तरी तू आपलं आधी उजवीकडेच बघायचं. कुणी हटकलं तर सांग, कार्व्हर्स बेच्या लॉलीपॉप आजोबांचा हुकूम आहे." ती एवढी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "बरं बाबा, हुकूम." मी म्हटलं, "नुसतं बरं नाही, वचन दे." "वचन," ती म्हणाली. मग पैसे संपत आले म्हणून फोन ठेवला. तिचा आवाज मी नंतर ऐकला नाही.

ती थट्टा होती. तिलाही ती थट्टाच वाटली असणार, सत्तावीस वर्षांची मुलगी बापाच्या असल्या बोलण्यावर रस्ते ओलांडत नाही. दिवसा मला हे पटतं. पण नऊ दिवसांनी ती त्या कडेवर उभी राहिली तेव्हा तिच्या मनात काय चालू होतं? आधी डावीकडे, की बाबांचा हुकूम? लॉरेल सिंकपाशी ते बोलली तेव्हा मला हे ठाऊक होतं. ठाऊक असून मी "हं" म्हणालो आणि जे माझं असेल ते तुझ्या पाठीवर जाऊ दिलं, आधीच लचकलेल्या पाठीवर. दहा महिने तू ते बंडाबर्गच्या उन्हात वागवतोयस आणि मी इथे सावलीत बसून चेरी खातोय.

म्हणून हे पत्र. त्या अकरा वाक्यांत एक गोष्ट लिहिलेली नाही, आणि ती जगात फक्त तुला माहीत आहे, कारण तू समोर होतास आणि तुला तिचा चेहरा दिसत होता. कडेवरून पाऊल टाकताना ती तुझ्याकडे बघत होती, की तिची मान उजवीकडे होती? एवढंच सांग. मी काय आशा करतोय ते लपवत नाही. मला वाटतं, ती उजवीकडे असावी. तुझ्यापुढे पन्नास वर्षं आहेत आणि माझ्यापुढे फार तर दहा, तो दोष माझ्याकडे राहिला तर लवकर संपेल. उजवीकडे असेल तर पाटी मी रॉस्लिनबाईंकडे परत देईन, लॉरेलला फोनचं सगळं सांगेन आणि तुझ्या आईसमोर येऊन तुझी माफी मागेन. ती तुझ्याकडे बघत होती असं असेल तर तेही लिही. मग ते आपण दोघं मिळून घेऊ, पण मग माझ्या त्या "हं"ची माफी तरी तुला मागू दे. मात्र म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस, आणि स्वतःला शिक्षा म्हणूनही नको. जे दिसलं तेच. लांबलचक लिहायची गरज नाही, दोन शब्द पुरेत. इथे टपाल यायला आठवडा लागतो आणि शाळा पाच तारखेला उघडते. मी रोज सकाळी अकराला फाटकाशी उभा असतो. लवकर लिही, बाळा.

तुझाच,
मर्व्ह